दिंडीची म्हातारी गाडी

आषाढीच्या वारीत चालणारी माणसं सगळ्यांना दिसतात. टाळ, वीणा, पताका, डोईवरची तुळस, सगळं दिसतं. पण पहाटे तंबू गुंडाळून, अंथरुणं नि भांडी पोटात घालून पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन थांबणारी गाडी कुणाच्या नजरेत भरत नाही. माणूस वीस दिवस विठ्ठलाच्या नावावर चालतो हे खरंच, पण रात्री पाठ टेकायला कोरडी जागा आणि पहाटे घोटभर चहा त्या गाडीतूनच निघतो. गाडी पोहोचली नाही, तर त्या रात्री दिंडी उघड्यावर.

माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. घोडे, तंबू, नैवेद्य ही सेवा अंकलीच्या शितोळे सरकारांकडे आली. म्हणजे चालणाऱ्याच्या मागं मुक्कामाचं बिऱ्हाड कुणीतरी वाहून न्यायचं, ही सोय या सोहळ्याइतकीच जुनी. आधी ते बिऱ्हाड बैलगाडीतून जायचं, मग ट्रकातून जायला लागलं. तमाशाचे फड आणि जत्रांतले तंबूतले सिनेमेही अशाच जुन्या ट्रकांवर गावोगाव फिरले. फिरत्या सिनेमावाल्यांनी तर प्रोजेक्टरच हौद्यात बसवलेला असायचा. फिरस्त्याचं घर म्हणजे आपल्याकडं जुना ट्रक, हे फार आधी ठरून गेलंय.

आमची दिंडी लहान. रथापुढच्या सत्तावीस मानाच्या दिंड्या सगळ्यांना ठाऊक असतात. आमची रथामागं कुठंतरी, साठ माणसांची, त्यातल्या छत्तीस बायका. गाव गगनबावडा तालुक्यात, कुंभीच्या खोऱ्यात. आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर कुणी पेपरातही वाचत नाही. भाताची रोपं लावून, चिखलाचे पाय धुऊन माणसं थेट आळंदीला निघतात. दिंडीचा हिशेब माझ्याकडं. शाळेत मास्तर असल्यामुळं वही माझ्या गळ्यात पडली आणि अजून सुटलेली नाही.

दरवर्षी गाडी भाड्यानं घ्यायचो. उसाच्या गाड्या पावसाळ्यात रिकाम्या असतात. कारखान्याचं गाळप उन्हाळ्याच्या तोंडाला संपतं आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा सुरू होतं, त्यामुळं आषाढात मालकाला गाडी दारात उभी ठेवण्यापेक्षा दिंडीला देणं परवडतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी दिंड्या या एका हिशेबावर चालतात. आमचा गाडीवाला सतरा वर्षं येत होता. २०१८ ची वारी झाल्यावर त्यानं सांगितलं, "मास्तर, म्होरल्या साली न्हाई. पोरानं गाडी इकायला काढलीया." दुसरीकडं चौकशी केली तर भाडं दुपटीच्या घरात. माणशी वर्गणी तेवढी वाढवली असती, तर निम्म्या बायका गळाल्या असत्या. त्यातल्या बऱ्याच जणी रोजंदारीतून, कोंबड्या विकून, पोराच्या नकळत पैसे साठवून येणाऱ्या. दिंडी मोडण्याचीच वेळ होती.

दसऱ्याला देवळात बैठक झाली आणि गाडी विकत घ्यायचं ठरलं. एकतीस घरांनी प्रत्येकी दहा हजार द्यायचे. तीन लाख दहा हजार. आमच्यासारख्या गावात ही रक्कम लहान नव्हे. कुणी म्हशीच्या दुधाचे आगाऊ उचलले, कुणी भिशी लवकर फोडली. एकतीस नावं मी वहीत लिहून घेतली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी वाईट निघाली असती, तर रोज सकाळी ही एकतीस घरं ओलांडूनच मला शाळेत जायचं होतं.

कोणती गाडी घ्यायची यावर तीन मतं पडली.

पहिलं मत छोट्या टेम्पोचं. सात-आठ वर्षं वापरलेला, सव्वाचार लाखांपर्यंत मिळणारा. चालवायला हलका, डिझेल कमी, गल्लीबोळात शिरतो. वरचे पैसे उधार-उसने करून भागवू, असं त्या मंडळींचं म्हणणं.

दुसरं मत माझ्या पुतण्याचं. तो पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, दोन वर्षं वापरलेला चांगला मोठा ट्रक हप्त्यावर घ्या, वर लोखंडी पत्र्याची बंद खोली चढवा, आत कप्पे, स्वयंपाकघर, बायकांना कपडे बदलायला जागा. परदेशातली माणसं लष्करातले जुने मर्सिडीज ट्रक घेऊन त्यांवर अशी खोली चढवतात आणि आफ्रिका पालथी घालतात, याची चित्रंही त्यानं मोबाइलवर दाखवली. देवळातल्या म्हाताऱ्या ते बघून थक्क झाल्या. एकीनं विचारलं, "ह्यात न्हाणीबी हाय?" न्हाणी आहे म्हटल्यावर पुतण्याचं पारडं बरंच जड झालं.

तिसरं मत तात्यांचं. तात्या म्हणजे माझे चुलते. तीस वर्षं करूळ घाटात ट्रक चालवला. खाली कोकणात गूळ, साखर, कांदा न्यायचा आणि वर येताना जांभा दगड, नारळ, आंबा. पावसाळ्यात धुक्यात दहा हात पुढचं दिसत नसताना त्यांनी घाट उतरलेला. तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट, बोलणं कमी. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बारा-दहा बघूया."

बारा-दहा म्हणजे टाटाची १२१०. पुढं नाक असलेली, इंजिन निम्मं केबिनबाहेर काढून ठेवल्यासारखी. नावातच तिची जात आहे. पहिले दोन आकडे भरलेल्या गाडीचं टनातलं वजन सांगतात, पुढचे दोन ताकद सांगतात. बारा टन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. या घराण्याचं मूळही मर्सिडीजचंच. टेल्कोनं १९५४ साली जमशेदपूरला जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली आणि १९६९ पर्यंत तो करार चालला. म्हणजे पुतण्याच्या मोबाइलमधल्या त्या आफ्रिकेतल्या गाड्या आणि कोल्हापुरातल्या उसाच्या गाड्या लांबच्या भाऊबंदच. हे मी पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, नातं असलं म्हणून काय झालं? वय बघा की तिचं."

वय खरंच होतं. तात्यांनी हेरलेली गाडी १९९४ ची, चोवीस वर्षांची.

तात्यांनी देवळाच्या फरशीवर खडूनं हिशेब मांडायला लावला. आधी वजन. साठ माणसांची अंथरुणं-पिशव्या माणशी बारा किलो धरली तर सातशेवीस किलो. तंबू, बांबू, ताडपत्र्या पाचशे. भांडी, शेगड्या, सिलिंडर चारशे. शिधा सातशे. जनरेटर आणि सटरफटर शंभर-सव्वाशे. आणि पाण्याच्या दोन टाक्या, हजार-हजार लिटरच्या, म्हणजे दोन टन. साडेचार टनांच्या आत-बाहेर. "टेम्पो ह्यातच कंबरेत वाकतोय," तात्या म्हणाले. "बारा-दहा सात-आठ टन रोज वढत आलीया. तिला हे अर्धं पोट. अर्ध्या पोटानं चालणाऱ्या गाडीचा ब्रेक लागतोय, टायर तापत न्हाई, पाटा मोडत न्हाई." जड गाडी घ्यायची ती जड भरण्यासाठी नव्हे, असं त्यांचं गणित होतं. ताकद हाताशी शिल्लक राहिली की म्हातारी गाडीही तरण्यासारखी वागते.

मग नव्या गाडीचा विचार. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस.-४ चे नियम आले. नव्या मोठ्या गाड्यांत इंजिनाला डिझेल किती पाजायचं ते संगणक ठरवू लागला, आणि पुष्कळ गाड्यांना धूर स्वच्छ करायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली. हवेसाठी ते चांगलंच आहे, त्यावर तात्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एवढाच, की बरडजवळ किंवा नातेपुत्याजवळ पावसात एखादा सेन्सर गेला तर कोण येणार? लॅपटॉप घेऊन कंपनीचा माणूस लाखोंच्या गर्दीतून आत शिरेपर्यंत दिंडी वेळापूरला पोहोचलेली असते. जुन्या गाडीचा पंप मेकॅनिकल. डिझेल आलं, हवा आली, दाब बसला की इंजिन चालतं. सेल्फ गेला तर चार माणसांनी ढकलावं. लोणंद, फलटण, माळशिरस, प्रत्येक गावात या इंजिनावर हात काळे केलेला एक तरी मिस्त्री बसलेला असतो. नाहीच मिळाला भाग, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिळतो. तिथं मिळाला नाही, तर तिथं तो करून देतात.

शेवटचा मुद्दा हप्त्यांचा. वारी वर्षातून एकदा, हप्ता बारा महिने. तात्यांनी त्यावर भाषण केलं नाही. "कर्जाच्या गाडीला आषाढी कळत न्हाई," एवढंच म्हणाले. ते वाक्य पुढं असं खरं होईल, हे तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही.

गाडी बघायला आम्ही चौघं गेलो. मालकाला तात्यांनी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "आम्ही ईस्तोवर गाडी चालू करू नगा." पोहोचल्याबरोबर बॉनेट उघडून त्यांनी इंजिनावर हाताचा तळवा ठेवला. थंड. मग म्हणाले, "हां, आता मारा सेल्फ." आधी तापवून ठेवलेलं इंजिन कोणतंही चांगलंच बोलतं, खरी परीक्षा थंडीची. दुसऱ्या हिसक्याला चालू झालं. थोडा पांढरा धूर आला आणि विरला. चालू इंजिनावरच त्यांनी ऑइलचं झाकण काढून भोकावर हात धरला. तिथून धुराचा भपका येत असेल, तर लायनर-पिस्टन झिजलेले आणि इंजिनाचं काम जवळ आलेलं. किंचित वाफ होती, तेवढी वयाला शोभणारी. मग गुडघ्यावर बसून, सदुसष्टाव्या वर्षी, ते गाडीखाली शिरले आणि हातोडीनं चासी ठोकत टोकापर्यंत गेले. पाटे जिथं चासीला धरलेले असतात तिथं वेल्डिंगचे डाग शोधले, रंगाखाली गंज शोधला. कोकणात खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि आतून पापुद्रे सुटलेली असते. आवाज टणक आला. चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी मी वाचून जुळवला.

शेवटी चढ-उतार. आपल्याकडं गाडी चढावर पारखतात, तात्यांनी उतारावर पारखली. तिसऱ्या गिअरात सोडून नुसत्या इंजिनाच्या जोरावर किती धरते, ते बघितलं. घाटाचा पहिला धडा त्यांनी मला तिथं केबिनमध्ये दिला. ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडली, तर सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक पाय खालपर्यंत गेला तरी लागत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडं येणाऱ्या उतारावर असे किती अपघात होतात, ते पेपरात वाचतोच आपण. आळंदीला जाताना आमची वाट तीच.

सव्वादोन लाखांना सौदा झाला. विमा सत्तावीस हजार, पुढचे दोन टायर छत्तीस हजार. उरले बावीस हजार, त्यात हौद्याचं काम बसवायचं. दिंडीची कागदोपत्री संस्था नव्हती, म्हणून गाडी तात्यांच्या नावावर झाली आणि एकतीस घरांच्या सह्यांचा कागद वहीला चिकटवला. बारा वर्षांवरच्या साध्या ट्रकाला नॅशनल परमिट मिळत नाही, पण आपला विठोबा राज्यातच उभा आहे. राज्याचा परवाना पुरला. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. तेही वहीत चढलं. म्हातारी घरात आणली की तिचं औषधपाणी आलंच.

आता पुतण्याची बंद खोली. त्यानं हट्ट सोडला नव्हता, आणि बायका त्याच्या बाजूला होत्या. तात्यांनी त्याला वाद घातला नाही. गाडीचं पुढचं एक चाक दीड फूट उंच दगडावर चढवलं आणि त्याला मागं उभा करून विचारलं, "केबिन आणि हौदा एका वळीत दिसतोय का?" दिसत नव्हता. केबिन एकीकडं कललेली, हौदा दुसरीकडं. ट्रकाची चासी मुद्दाम पिळवटेल अशीच केलेली असते. ती पिळवटते म्हणून खड्ड्यात चारी कोपऱ्यांची चाकं जमिनीला धरून राहतात. तिच्यावर पत्र्याची ताठ खोली घट्ट जखडली, तर वर्षभरात कोपऱ्यांतून चिरते आणि दारं अडकतात. हौदा बांधणारे म्हणूनच चासी आणि हौद्याच्या मध्ये लाकूड घालतात आणि यू-बोल्टांनी आवळतात. थोडं हलू देतात.

पुतण्या इंजिनिअर. तो विचारात पडला आणि दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, "तात्या, चार ठिकाणी न धरता तीनच ठिकाणी धरली तर?" तात्या हसले. तिवई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, चार पायांचं टेबल डगमगतं, हे त्यांनी लगेच ओळखलं. तशी संपूर्ण खोली करायला आमच्याकडं पैसे नव्हते. पण पाण्याच्या टाक्यांची चौकट तशीच तीन जागी बसवली, केबिनलगत, शक्य तितकी खाली. बाकी हौदा उघडाच ठेवला, वर कमानी आणि ताडपत्री. मधे अंथरुणांचे कप्पे, मागं स्वयंपाकाचं सामान. फाळका साखळ्यांवर आडवा टेकवला की तेच पोळ्या लाटायचं टेबल. एका कोपऱ्यात जाड कापडाचा पडदा, बायकांना कपडे बदलायला.

सगळं झाल्यावर आक्का बघायला आल्या. आक्का आमच्या दिंडीतल्या वडीलधाऱ्या, वय एकाहत्तर. त्यांनी हौद्याकडं बघितलं, स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पडदा झ्याक लावलाय. पर मी वर चढू कशी?" हौद्याची फळी जमिनीपासून चार फुटांवर. छत्तीस बायकांची दिंडी, आणि आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या डोक्यात पायरी आली नव्हती. सुताराकडून रुंद पायऱ्यांची लाकडी घडवंची करून घेतली, बाजूला धरायला पाइप. आज दिंडीत सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू तीच आहे.

हंगामात गाडी उसाला लावली. तिथंही तात्यांचं वजनावरून वाजलं. टोळीला एका खेपेत जास्त ऊस न्यायचा असायचा, तात्या कागदावर लिहिलंय त्याच्यावर मोळी चढू देत नव्हते. खेपा वाढल्या, बोलणी खाल्ली, पण मार्चअखेर कर, पासिंग आणि विम्याचे पैसे गाडीनं स्वतः कमावले.

२०१९ ची वारी ही तिची पहिली. आषाढी १२ जुलैला होती. केबिनला तुळशीची माळ घातली आणि निघालो. लोणंदच्या अलीकडं गाडी धापा टाकून बंद पडली. माझ्या पोटात गोळा आला. तात्यांनी खाली उतरून डिझेलच्या पाइपचा सैल झालेला नट आवळला, पंपावरचा स्क्रू ढिला करून हाताच्या पंपानं आत शिरलेली हवा काढली. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं, तसा स्क्रू बंद केला आणि सेल्फ मारला. पाऊण तासात काम झालं. एक पाना लागला.

पुढं एका मुक्कामाला पाऊस आला. आमच्या तांबड्या मुरमाडात पाणी पडलं की वाहून जातं, त्यामुळं काळ्या रानाचा स्वभाव आमच्या माणसांना माहीत नाही. शेतमालकानं आत जागा दाखवली होती. तात्यांनी गाडी रस्त्याकडेच्या कठीण पट्ट्यावरच ठेवली. तंबू दोनशे पावलं लांब पडले, सामान वाहून पोरं करवादली. पहाटे आत उतरलेल्या गाड्या चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतलेल्या होत्या आणि ट्रॅक्टरची वाट बघत होत्या. आमची निघाली. पुढच्या मुक्कामाला आमचे साठ आणि त्या अडकलेल्या गाड्यांची मिळून दोनशेच्या वर माणसं आमच्या चुलीवर जेवली. शिधा दोन दिवस आधी संपला, तोही वहीत आहे.

त्या वारीतली माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळीच. दहाव्या दिवशी आक्कांच्या तळपायाला फोड आले, फुटले. त्या गाडीजवळ आल्या. "मागं अंथरुणावर पडतो घटकाभर," म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात. तात्या नको म्हणाले. हौद्यात माणूस बसवायचा नाही, हा त्यांचा नियम आणि कायदाही तोच. केबिनमध्ये आधीच तापानं फणफणलेल्या दोघी होत्या. आक्कांचा चेहरा पडला. "बत्तीस वर्सं चाललो मी. देवाच्या वाटंवर माणसाला जागा न्हाई आन भांड्यास्नी हाय?"

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आक्का, माल पडला तर परत भरता येतोय." आणि ते उठून गेले. आम्हाला वाटलं, विषय संपला. तासाभरानं ते ओळखीच्या दिंडीतल्या जीपवाल्याला घेऊन आले, आक्कांना पुढच्या सीटवर बसवलं आणि रात्री मुक्कामावर स्वतः कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. घाटात मागं बसलेली माणसं कशी फेकली जातात हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. कधी, कुठं, ते त्यांनी घरातही कधी सांगितलं नाही. आक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढं वाखरीच्या रिंगणात मात्र त्यांनीच तात्यांना बुक्का लावला.

घरी येऊन महिना झाला नाही तोच ऑगस्टचा महापूर आला. मांडुकली, किरवे, लोंघे इथं रस्त्यावर पाणी येणं आम्हाला नवीन नाही, पण त्या वर्षी कोल्हापूरच पाण्यात होतं. पोरं म्हणाली, गाडी उंच आहे, काढूया पलीकडं. तात्यांनी किल्ली कमरेला बांधली. पाण्याखाली रस्ता शाबूत आहे का, ते दिसत नसताना उंच गाडीही लाकडासारखी वाहते. पाणी उतरल्यावर मात्र आठ दिवस ती थांबली नाही. खालच्या गावांना वैरण, पिण्याचं पाणी, चादरी. त्या वेळी दोन टन पाण्याच्या टाक्या खऱ्या कामाला आल्या.

आणि मग २०२०. कोरोनामुळं पायी वारी झालीच नाही. माउलींच्या पादुका एस.टी. बसनं पंढरपूरला गेल्या. २०२१ ला पुन्हा तेच. दोन वर्षं वर्गणी नाही, दिंडी नाही. शहरातून पोरं नोकऱ्या गमावून परत आली. हप्त्यावर गाडी घेतलेल्या एका ओळखीच्या माणसाची गाडी या काळात ओढून नेली. आमची पत्र्याच्या शेडखाली उभी होती आणि कुणाचं देणं लागत नव्हती. आमच्या पावसात उभं राहणं हेही गाडीला सोपं नसतं. तात्या दर आठवड्याला बॅटरी जोडून इंजिन फिरवायचे, गाडी चार हात पुढं-मागं करायचे, पाट्यांना जळकं ऑइल पुसायचे. आक्का येऊन पायरीवर बसायच्या. दोघंही फारसं बोलत नसत. एकादशीला आक्कांनी त्या लाकडी घडवंचीवरच तुळस ठेवली आणि हरिपाठ म्हटला. गावातल्या सतरा-अठरा बायका लांब-लांब बसून म्हणत होत्या.

२०२२ ला दिंडी निघाली, आषाढी १० जुलैची. साठातली सात माणसं नव्हती. त्यांच्या घरांचे दहा-दहा हजार वहीत तसेच आहेत, वारसांनी परत मागितले नाहीत. वाखरीपर्यंत पाऊस होता. गाडी कुठं थांबली नाही.

आता गाडी तिशी ओलांडून गेलीय. जुन्या गाड्यांच्या पासिंगची फी कित्येक पटींनी वाढली, भंगाराचं धोरण आलं, आणि तिला मोडीत काढायचा दिवस फार लांब नाही हे आम्हा सगळ्यांना कळतं. तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी स्वतःहून किल्ली ठेवली. जड वाहनाचा परवाना आता पुतण्यानं काढलाय. वारीला तो पुण्याहून रजा काढून येतो आणि नवले पुलाचा उतार तिसऱ्या गिअरात उतरतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, तो वाजवू देतो.

पुढची गाडी घ्यायची वेळ आली तर काय बघायचं, ते तात्यांनी मला वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायला लावलं. त्यांच्याच शब्दांत ते असं आहे: गाडी थंड असताना बघा. चासी ठोका, रंगाला भुलू नका. भरणार त्याच्या दुप्पट पेलंल अशी घ्या. वाटंवरच्या मिस्त्रीला जी उघडता येतीया तीच घ्या, मग ती जुनी असो का नवी. कर्ज काढून घेऊ नका.

पान वाचून दाखवलं तेव्हा आक्का तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आन पायरी?"

तात्यांनी मान हलवली. मी सहावी ओळ लिहिली: आधी बायकांस्नी चढून बघू द्या.